काचेमागचं चित्र: कागदावरचं चित्र बोर्डवर बसवून फ्रेम कसं करावं

अण्णांनी काढलेलं गंगाखेडच्या घाटाचं एक जलरंगचित्र बरीच वर्षं ट्रंकेत पडून होतं. ते गेल्यावर मी ते बाहेर काढलं आणि परभणीतल्या एका दुकानात फ्रेमला दिलं. चार दिवसांनी आणून बैठकीत लावलं. आईने एकदाच बघितलं आणि विचारलं, "खालची सही कुठाय गं?" मी दुकानात परत गेले. दुकानदार शांतपणे म्हणाला, "फ्रेमीत बसंना ताई, म्हणून खालून जराक कापलो." सहीची नुसती शिरोरेषा उरली होती.

बाकीचं तिसऱ्या पावसाळ्यात कळलं. आकाशाच्या निळ्यावर तांबूस ठिपके उमटले, कागदाला पोट आलं आणि एका कोपऱ्यात रंग काचेला चिकटून बसला. फ्रेम उघडली तर चित्र तपकिरी हार्डबोर्डवर फेव्हिकॉल फासून पक्कं चिकटवलेलं, आणि त्यावर मध्ये काहीच न ठेवता काच. करू नये ते सगळं एकाच फ्रेममध्ये.

त्यानंतर हे काम मी स्वतः शिकले. काही बोर्ड वाया घालवले, दोन काचा फोडल्या. खाली लिहिलंय ते कागदावरच्या चित्रांसाठी आहे: जलरंग, पोस्टर कलर, शाई, पेन्सिल, पेस्टल. कॅनव्हासवरच्या तैलचित्राला सहसा काच लावत नाहीत, त्याची रीत निराळी.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात ठेवा

चित्राला जे काही लावाल ते उद्या काढता आलं पाहिजे. आमच्या जवळचंच उदाहरण अजिंठ्याचं. तिथे काही ठिकाणी चित्रं पिवळसर, काळपट दिसतात. एकोणिसाव्या शतकात नकला करणाऱ्यांनी रंग उठून दिसावेत म्हणून व्हार्निश लावलं. पुढे 1920 च्या सुमारास निजामाच्या सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी सुटत चाललेले रंग धरून ठेवायला शेलॅक (लाखेचं व्हार्निश) वापरलं. सगळ्यांचा हेतू चांगलाच होता. पण ते थर पिवळे पडले आणि नंतर पुरातत्त्व खात्याला ते हळूहळू उतरवत बसावं लागलं. आपलं चित्र अजिंठ्याचं नसलं तरी फेव्हिकॉल एकदा वाळला की तो आपलंही ऐकत नाही.

लागणारं सामान

- ॲसिड-फ्री (आम्ल नसलेल्या) माउंट बोर्डच्या दोन शीट: एक पुढच्या खिडकीसाठी, म्हणजे मध्ये चौकोन कापून ज्यातून चित्र दिसतं ती किनार, आणि एक चित्राच्या मागे
- सगळ्यात मागे लावायला प्लास्टिकचा पन्हाळी बोर्ड
- काच किंवा ॲक्रिलिक शीट
- फ्रेमची पट्टी, किंवा मापाने करून घेतलेली तयार फ्रेम
- पातळ जपानी कागद (कोझो). पुण्या-मुंबईच्या चित्रसाहित्याच्या दुकानातून किंवा ऑनलाइन मागवावा लागतो
- गव्हाचा चीक. तो कसा वापरायचा ते पुढे येईल
- टिपकागद, स्टीलची पट्टी, नवी पाती, 2बी पेन्सिल, मऊ ब्रश
- कापडी गम टेप, म्हणजे पाण्याने ओला करून चिकटवायचा
- बारीक चुका (छोटे खिळे), पक्कड, डी-रिंग (तार अडकवायच्या कड्या), तार, रबराची बटणं, खाकी कागद

सेलोटेप, डबलसाइड टेप, मास्किंग टेप, स्प्रेचा गोंद आणि स्टेपलर समोरच्या टेबलावरून उचलून दुसऱ्या खोलीत ठेवा. हाताशी असले की घाईत वापरले जातात. सेलोटेपचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो. टेप गळून पडते, डाग राहतो.

1. मुहूर्त बघा

हसू नका. मराठवाड्यात मे महिन्यात कागद पापडासारखा कोरडा असतो आणि ऑगस्टमध्ये हवेतलं पाणी पिऊन पसरतो. मे महिन्यात चारी कडांनी घट्ट बसवलेलं चित्र ऑगस्टमध्ये फुगणारच. उलट, भर पावसाळ्यात फ्रेम बंद केली तर ओल आतच कोंडली जाते आणि बुरशीला आयतं घर मिळतं. माझ्या अनुभवाने दिवाळी ते होळी हा काळ उत्तम. हवा कोरडी असते पण अति नाही, आणि धुळीची वावटळही अजून सुरू झालेली नसते.

2. चित्र तपासा, सरळ करा

स्वच्छ टेबलावर जुनं धुतलेलं सुती कापड पसरा, हात धुऊन कोरडे करा आणि चित्र उलट-सुलट बघा. मागे काही लिहिलेलं आहे का? जुनी टेप, कसरीने खाल्लेल्या कडा, ठिपके? वाळवीची माती दिसली तर ते चित्र बाकीच्यांपासून लगेच वेगळं करा. सगळ्याचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सहीचा फोटो जवळून घ्या. का ते सांगायला नको.

जलरंगाचा कागद वाकडा झाला असेल तर मागच्या बाजूने अगदी हलकं पाणी फवारा, दोन टिपकागदांमध्ये ठेवा, वर सपाट प्लायवुड आणि त्यावर पुस्तकांचं वजन ठेवून दोन दिवस विसरून जा. त्याआधी एका कोपऱ्यात ओला कापूस टेकवून रंग सुटतो का ते बघाच. शाळेतल्या पोस्टर कलरचा रंग बहुतेकदा सुटतो. पेस्टल आणि कोळशाच्या चित्रांना हा उपाय करायचा नाही.

चित्र जुन्या काचेला चिकटलं असेल तर ओढू नका. वाफ, सुरी, केसांचा ड्रायर, काही नको. मी ओढलं आणि घाटाच्या वरचं बोटभर आकाश काचेबरोबर गेलं. अशा वेळी चित्र काचेसकट सपाट पॅक करून संवर्धकाकडे द्यावं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कला संवर्धन केंद्र आहे, आणि वारसा जपणाऱ्या इंटॅक या संस्थेचीही अशी केंद्रं आहेत.

3. बोर्ड निवडा, खरी मेख इथेच आहे

दुकानात "मागे काय लावणार?" असं विचारा. उत्तर येईल, "लावतो ना एखादा पुठ्ठा." हा एखादा पुठ्ठा पुढची वीस वर्षं चित्राच्या पाठीला चिकटून बसणार असतो, म्हणून जरा खोलात जाते.

पिवळसर करडा पुठ्ठा, म्हणजे वहीच्या बाइंडिंगचा स्ट्रॉबोर्ड, आणि तपकिरी हार्डबोर्ड या दोन्हींत आम्ल असतं. ते हळूहळू कागदात उतरतं आणि कागद तपकिरी, ठिसूळ होतो. जुन्या फ्रेममध्ये खिडकीच्या कडेने चित्रावर तपकिरी रेघ उमटलेली तुम्ही पाहिली असेल. ती आम्लाने भाजलेली खूण असते. एमडीएफही तसाच, शिवाय ओल लागली की फुगतो. सनबोर्ड दिसायला पांढराशुभ्र आणि हलका, पण तो पीव्हीसीचा असतो. चित्राला लागून तो नको.

चित्राला जे लागेल ते फक्त ॲसिड-फ्री असावं. कापसापासून केलेला म्युझियम बोर्ड सगळ्यात चांगला, परवडत नसेल तर ॲसिड-फ्री माउंट बोर्ड चालतो. बोर्डचा गाभा पांढरा दिसतो म्हणजे तो ॲसिड-फ्री आहे, असं नाही. दुकानदार शपथ घेऊन सांगेल, तरी पाकिटावर लिहिलेलं दाखवायला सांगा. पीएच तपासायचं एक पेन मिळतं. बोर्डच्या तुकड्यावर रेघ मारायची. जांभळी राहिली तर ठीक, पिवळी पडली तर आम्ल. हे पेन चित्रावर चालवू नका, रेघ जात नाही.

त्याच्या मागे कडकपणासाठी मी प्लास्टिकचा पन्हाळी बोर्ड वापरते. निवडणुकीत खांबाखांबांवर बांधलेल्या पाट्या ज्याच्या असतात तोच, बाजारात सनपॅक म्हणून मागितला की देतात. हा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. पाणी पीत नाही, आम्ल सोडत नाही, वाळवी त्याला तोंड लावत नाही आणि वजन नसल्यात जमा. पाच मिलिमीटर जाडीचा, कोरा घ्या. मागच्या निवडणुकीच्या उमेदवाराचा चेहरा चित्राच्या पाठीशी नको.

4. मापं काढा

चित्र मिलिमीटरमध्ये मोजा. इंच आणि सूत यांच्या गोंधळात माझे दोन बोर्ड गेले. एक उदाहरण करून दाखवते. अर्ध्या इम्पिरियल शीटचं आडवं चित्र, 560 रुंद आणि 380 उंच.

खिडकी चित्रापेक्षा प्रत्येक बाजूने 5 मिलिमीटर लहान, म्हणजे 550 बाय 370. डावी, उजवी आणि वरची किनार 75 मिलिमीटर, खालची 85. खाली थोडी जास्त का? चारी बाजू सारख्या ठेवल्या तर चित्र खाली घसरल्यासारखं दिसतं. एकूण बोर्ड झाला 700 बाय 530. काच, दोन्ही माउंट बोर्ड आणि मागचा पन्हाळी बोर्ड, सगळे याच मापाचे.

फ्रेमची आतली खाच, म्हणजे काच आणि बोर्ड बसतात ती जागा, मात्र 703 बाय 533 सांगा. ते तीन मिलिमीटर हवेचे असतात, बोर्डला पावसाळ्यात पसरायला जागा लागते. खाचेची खोलीही मोजा: काच 2, खिडकी दीड, मागचा माउंट बोर्ड दीड, पन्हाळी बोर्ड 5, मिळून 10 मिलिमीटर. म्हणजे खाच निदान 12 ते 13 मिलिमीटर खोल हवी. स्वस्त पट्ट्यांची खाच उथळ असते आणि मग दुकानदार मागचा बोर्डच काढून टाकतो. आधी पट्टी उलटी करून बघा.

पट्टी किती लागेल? खाचेचा परीघ 2472 मिलिमीटर. त्यात पट्टीच्या रुंदीच्या आठपट मिळवा, कारण प्रत्येक तुकडा दोन्ही टोकांना तिरका कापला जातो. 32 मिलिमीटरची पट्टी असेल तर 256. बेरीज 2728. दहा फुटी पट्टी एक पुरते, आठ फुटी असेल तर दोन घ्याव्या लागतील.

पट्टी सागवानी घ्यावी की सिंथेटिक? जुन्या वाड्यात, माळवदाच्या घरात किंवा पांढरीच्या मातीच्या भिंतीवर लावणार असाल तर मी सिंथेटिक घेईन. दिसायला सागवान लाख छान, पण तिथे वाळवी कुठून येईल सांगता येत नाही.

5. खिडकी कापा

तिरकी कड हवी असेल तर 45 अंशाचा माउंट कटर लागतो. नुसत्या हाताने, साध्या कटरने ती कड सरळ येत नाही. मी तरी कुणाच्या हातून आलेली पाहिली नाही. फ्रेमच्या दुकानात माप दिलं की कापून देतात, किंवा घरी सरळ उभी कड कापा, तीही वाईट दिसत नाही.

मागच्या बाजूने आखा, मागूनच कापा. खाली टाकाऊ बोर्ड ठेवा. पातं नवं घ्या, एका खिडकीला एक पातं. एकाच दमात जोर लावून कापू नका, हलक्या हाताने दोन-तीन वेळा फिरवा. कोपऱ्यात पातं थोडं पुढे जाऊ द्या, नाहीतर मधला तुकडा निघत नाही आणि ओढला की कोपरा फाटतो. पहिल्या दोन खिडक्या रद्दीवर कापा.

मग खिडकी आणि मागचा माउंट बोर्ड वरच्या लांब कडेला कडा जुळवून गम टेपने जोडा, वहीसारखे. चित्र या वहीत राहणार.

ज्या चित्राची सही अगदी कडेवर आहे, किंवा कड आधीच कापली गेली आहे, तिथे खिडकी चित्रापेक्षा मोठी ठेवून कागदाची कड उघडी दिसू द्यावी. मात्र खिडकी चित्राला दाबून धरत नसल्यामुळे पुढच्या पायरीतले बिजागर, म्हणजे चित्राला बोर्डवर धरणाऱ्या कागदी पट्ट्या, पक्के हवेत, आणि काच कागदापासून लांब राहावी म्हणून खिडकीखाली बोर्डची एक जादा किनार द्यावी लागते.

6. चित्र टांगा, चिकटवू नका

हे सगळ्यात महत्त्वाचं. चित्र बोर्डला फक्त वरच्या कडेवर दोन ठिकाणी धरायचं, बाकीचं मोकळं लोंबू द्यायचं. भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावर लोंबतं ना, तसं. मग कागद फुगला काय, आकसला काय, त्याला जागा असते.

कागद हलका आणि कडा धड असतील तर नवख्यांनी गोंदाच्या नादी न लागता कोपऱ्याचे खिसे करावेत. ॲसिड-फ्री कागदाचे त्रिकोणी खिसे घडी घालून करायचे, त्यात चित्राचे कोपरे सरकवायचे आणि खिसे बोर्डला गम टेपने चिकटवायचे. टेप चित्राला कुठेच लागत नाही. खिसा आणि कोपरा यांत एक-दोन मिलिमीटर ढिलाई ठेवा.

मोठ्या चित्राला बिजागर लागतं. त्यासाठी खळ हवी, आणि आपल्याकडे घरातच असलेली गोष्ट इथे कामाला येते. जगभरचे संवर्धक वापरतात ती खळ गव्हाच्या स्टार्चची. म्हणजे आपला कुरडयांचा चीक! मैद्याची खळ नको. मैद्यातल्या चिवट भागाने ती लवकर खराब होते आणि कसरीला आवडते. बाइंडिंगवाले खळीत मोरचूद घालतात, तीही चित्राला नको. चीक करताना गहू वाटून पिळला की चिवट भाग बराचसा चोथ्यात निघून जातो.

चैत्रात आई कुरडयांना बसली की मी मीठ पडायच्या आत वाटीभर चीक काढून घेते. गहू तीन दिवस भिजलेला असतो, त्यामुळे चिकाला आंबूस वास असतो. म्हणून त्यात स्वच्छ पाणी घालायचं, ढवळायचं, बसू द्यायचं, वरची निवळ ओतून द्यायची. असं तीन वेळा, वास जाईपर्यंत. मग ताटलीत पसरून सावलीत वाळवून पूड बरणीत भरून ठेवते. पहिल्या वर्षी आई म्हणाली, "चित्राला कुरडई लावतीस का?" आता ती स्वतःच वाटी बाजूला काढून ठेवते.

खळ करायची तेव्हा एक चमचा पूड, चार-पाच चमचे पाणी. अर्धा तास भिजवा, मग मंद आचेवर सतत ढवळत शिजवा. आधी दुधासारखं असतं, मग अचानक जड होतं आणि चमचा ओढला की मागे वाट राहते. थांबू नका, पांढरेपणा जाऊन काचेसारखी झाक येईपर्यंत वीसेक मिनिटं ढवळत राहा. गार करून बारीक गाळणीतून दोनदा घासून काढा, थोडं पाणी घालून सायीइतकं पातळ करा. फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. वास आला की फेकून द्या.

बिजागराचा कागद कात्रीने कापू नका. पाण्याची रेघ ओढून फाडा, म्हणजे कडेला तंतू सुटतात आणि पुढून उठाव दिसत नाही. पंचवीस मिलिमीटर रुंद, चाळीस लांब अशा दोन पट्ट्या. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा हातकागद बघून मला वाटलं होतं, इथे तेच वापरावं, आपल्याच मातीतला. पण तो जाड पडला. बिजागर चित्राच्या कागदापेक्षा अशक्त हवं. फ्रेम पडली तर फाटायचं ते बिजागराने. हातकागदाचा तो ताव मग मी चित्र काढायलाच वापरला.

चित्र पालथं घाला. वरच्या कडेवर, दोन्ही कोपऱ्यांपासून साधारण पाव अंतरावर, पट्टीच्या टोकाला पाच-सहा मिलिमीटर खळ लावून ते मागून चिकटवा. पट्टीचा उरलेला भाग वर बाहेर राहील. खळ ओली नको; टिपकागदावर ब्रश टेकवून मग लावा. वर टिपकागद, वर वजन, दर दहा मिनिटांनी टिपकागद बदला. तासाभराने चित्र सुलटं करून मागच्या बोर्डवर जागेवर ठेवा. बाहेर आलेल्या पट्टीवर खळ लावलेला दुसरा तुकडा आडवा चिकटवा, टी अक्षरासारखा. रात्रभर वाळू द्या. सकाळी खिडकी वर टाकून बघा, चित्र सरळ आहे का. नसेल तर पाण्याचं बोट फिरवा, बिजागर सुटेल, पुन्हा बसवा.

7. काच

काच चित्राला टेकता कामा नये, एवढा नियम पाळला तरी अर्धं काम झालं. थंडीच्या पहाटे काचेच्या आतल्या बाजूला दव धरतो, तो कागदाला लागतो, मग बुरशी. दीड मिलिमीटरची खिडकी साधारण जलरंगाला पुरते. पेस्टलला दुहेरी खिडकी द्या.

वजनाचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर काच, एक मिलिमीटर जाड, अडीच किलो. आपल्या 700 बाय 530 ला 2 मिलिमीटरची काच पावणेदोन किलोच्या थोडी वर जाते, 3 ची पावणेतीन. ॲक्रिलिक 3 मिलिमीटरचं घेतलं तर सव्वा किलोच्या आसपास, आणि पडलं तरी फुटत नाही. लहान मुलांच्या खोलीला, एसटीने न्यायच्या चित्राला ॲक्रिलिक बरं. पण त्याला ओरखडे पडतात आणि पुसलं की वीज धरून धूळ ओढतं. पेस्टलवर ॲक्रिलिक लावलं तर खडूची भुकटी उडून वर चिकटते. तिथे काचच.

काच पाण्याने आणि दोन थेंब स्पिरिटने पुसा, पण द्रव कापडावर घ्या, काचेवर ओतू नका. वर्तमानपत्राने पुसायची सवय असेल तर सोडा, शाईची झाक राहते. जुन्या धोतराचं मऊ कापड सगळ्यात चांगलं. काच पूर्ण वाळल्याशिवाय बंद करायची नाही. ॲक्रिलिकला अमोनियाचा क्लीनर लावू नका.

8. फ्रेम बंद करा

पंखा बंद करा, खिडक्या लावा. काच, खिडकी-चित्राची वही, पन्हाळी बोर्ड हे सगळं एकावर एक रचून उचला आणि उजेडाकडे तिरकं धरून बघा. एखादा केस, एखादी मुंगी आत हमखास सापडते. मी एकदा बंद केल्यावर आत जिवंत मुंगी फिरताना पाहिली आहे. ती घाटाच्या पायऱ्या चढत होती, पण म्हणून फ्रेम तशीच ठेवली नाही.

मग चारी कडांना टेप फिरवून गठ्ठा बंद करा, म्हणजे धूळ आणि कसर आत जात नाही. फ्रेममध्ये बसवून मागून चुका मारायच्या. हातोडीने ठोकलं की काच तडकते. माझी एक तशीच गेली. फ्रेमच्या बाहेरच्या कडेला लाकडाचा तुकडा धरून पक्कडने चूक दाबत आत घाला, बोर्डला समांतर. दर दहा सेंटिमीटरला एक.

पाठीला खाकी कागद ताणून चिकटवा. इथे फेव्हिकॉल चालतो, तो फ्रेमच्या लाकडाला लागतो, चित्राला नाही.

9. टांगणे

डी-रिंग वरून एक तृतीयांश उंचीवर, दोन्ही बाजूंना. तार किंचित ढिली. खालच्या कोपऱ्यांना रबराची बटणं लावा, म्हणजे फ्रेम भिंतीपासून सुटी राहते आणि मागून हवा खेळते. भिंतीत ड्रिल करून प्लग आणि स्क्रू बसवा. चुन्याच्या जुन्या भिंतीत नुसत्या खिळ्यावर विसंबू नका.

कुठे लावू नये ते जास्त महत्त्वाचं. पश्चिमेचं ऊन येतं त्या समोरच्या भिंतीवर नको. साध्या काचेने रंग उडायचे थांबत नाहीत. यूव्ही (अतिनील किरण अडवणारी) काच घेतली तरी उजेडाने रंग उडतातच, फक्त सावकाश. न्हाणीघराच्या पाठभिंतीवर नको. आणि कूलरच्या समोर तर नकोच. उन्हाळ्यात आपण दोन-अडीच महिने त्या भिंतीवर ओली हवा सोडत असतो, हे चित्र लावताना कोणाच्याच लक्षात येत नाही.

पोळा झाला की फ्रेम उतरवून पाठ बघा. खाकी कागदावर ओलीचा डाग, वाळवीची रेघ, कोपऱ्यात पालीची अंडी, एवढं बघायला पाच मिनिटं लागतात.

दुकानातच देणार असाल तर

सगळ्यांना हे घरी करणं जमणार नाही. दुकानदाराला एवढं सांगा, आणि पावतीवर लिहून घ्या: चित्र कापायचं नाही. चित्राला गोंद, टेप, लॅमिनेशन काही लावायचं नाही. माउंट बोर्ड ॲसिड-फ्री. हार्डबोर्ड नाही, मागचा बोर्ड मी आणून देते. काच चित्राला टेकवायची नाही. पट्टी, काच, बोर्ड, मजुरी यांचे दर वेगवेगळे विचारा. "इतकं बारीक कोण बघायलंय ताई?" असं म्हणतील. "मी बघायलेय" म्हणा. शक्य असेल तर चित्राची वही घरी तयार करून न्या आणि दुकानातून फक्त फ्रेम आणि काच करून घ्या. मी आता असंच करते.

10. पाठीवर लिहा

खाकी कागदावर ॲसिड-फ्री चिठ्ठी लावा: चित्रकाराचं नाव, विषय, कुठे काढलं, साल, कोणते रंग, कोणता कागद, फ्रेम कधी आणि कशी केली, खळ कोणती. पुढे कोणी फ्रेम उघडेल त्याला कळेल की पाण्याने बिजागर सुटतं. पेन्सिलने लिहा. बॉलपेनची शाई पसरते.

अण्णांचं चित्र हार्डबोर्डवरून पूर्ण निघालं नाही. संवर्धकाने निघेल तेवढा बोर्ड मागून तासून काढला, बाकीचा पातळ थर आता त्याच्याबरोबरच राहणार. खिडकी खालच्या बाजूने मोठी ठेवली आहे, त्यामुळे कडेवरची शिरोरेषा दिसते. मागच्या चिठ्ठीवर सगळं लिहिलं: गंगाखेडचा घाट, जलरंग, अण्णांचं पूर्ण नाव. सालाच्या जागी रेघ ओढून ठेवली आहे. ते सहीच्या खाली लिहिलेलं होतं.